वाचकांचे प्रश्न : आउटबोर्ड इंजिनाची उंची, कोन आणि ट्रिम

पावसाळी मासेमारी बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि वर्षभर मागे पडलेली इंजिनांची कामे हातात घेतली जातात. या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे होडीच्या मागे बाहेरून टांगलेले म्हणजे आउटबोर्ड इंजिन कसे बसवावे आणि ट्रिमसाठी, म्हणजे चालत्या होडीचा कल नीट राखण्यासाठी, कोणते सामान घ्यावे याविषयीची आहेत. ती थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी १८ फुटी फायबरची होडी आहे. हंगामात कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवतो, एरवी जाळ्यावर जातो. इंजिन २५ एचपीचे, लांब शाफ्टचे (पंख्यापर्यंत जाणारा आस लांब असलेले) आणि हाताने उचलायचे आहे. वेग घेताना नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, इतकी वर येते की समोरचे दिसत नाही. भरल्या होडीने वळण घेतले की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पंखा मोकळा फिरतो आणि ओढ जाते. मागच्या फळीची, म्हणजे ट्रान्समची, वरची कड झिजली होती म्हणून गेल्या वर्षी तिच्यावर लाकडी पट्टी बसवून घेतली. आता फळीची उंची मध्यावर साडेएकवीस इंच भरते. एक मेकॅनिक ट्रिम टॅब (फळीच्या खालच्या कडेला लावायच्या, वरखाली होणाऱ्या पट्ट्या) बसवा म्हणतो, दुसरा इंजिनाच्या प्लेटवर फिन (परासारखी रुंद पट्टी) लावा म्हणतो. काय घ्यावे? (देवबाग, ता. मालवण)

उत्तर : तूर्त दोन्हींपैकी काहीही घेऊ नका. आपण उंचीचे माप कळवलेत हे फार बरे झाले, कारण आपल्या अर्ध्या तक्रारीचे उत्तर त्या मापातच आहे.

आउटबोर्ड इंजिने ठरावीक लांबीच्या शाफ्टची येतात. आखूड शाफ्ट १५ इंची फळीसाठी, लांब २० इंची फळीसाठी आणि जास्त लांब २५ इंची फळीसाठी असतो. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते, जिला आपल्याकडे सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, तिचे काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत खेचली जाऊ न देणे हे आहे, आणि ते काम तिला करता यावे म्हणून ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तळापेक्षा किंचित खाली असावी लागते. आपल्या फळीची उंची पट्टीमुळे साडेएकवीस इंच झाली आणि इंजिन २० इंचांचे आहे, म्हणजे प्लेट तळापेक्षा सुमारे दीड इंच वर गेली आहे. सरळ चालताना तळाखालून मागे येणाऱ्या पाण्यात हे कसेबसे निभावते, पण वळणावर होडी कलंडली की पंख्याला हवा मिळते. पंखा हवा आणि पाणी यांच्या फेसात फिरू लागला की त्याच्यावरचा भार उतरतो, फेरे चढतात आणि ओढ जाते. ट्रिम टॅब लावून हे थांबणार नाही.

तरीही लाकडी पट्टी काढण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष मोजून खात्री करावी, कारण २० इंच हे नाव झाले. प्रत्यक्षात क्लॅम्प (इंजिन फळीला पकडणारा शिकंजा) जिथे टेकतो तिथपासून प्लेटपर्यंतचे अंतर मॉडेलनुसार इंचभर इकडेतिकडे असू शकते. होडी सपाट जागेवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी. एक लांब, अगदी सरळ अशी अॅल्युमिनियमची चौकोनी नळी तळाला मध्यरेषेवर लावून मागे इंजिनापर्यंत न्यावी आणि प्लेट तिला समांतर होईपर्यंत इंजिनाचा कोन बदलावा. मग नळीची वरची कड आणि प्लेट यांच्यातले अंतर पट्टीने मोजावे. तळाच्या मध्यावर मागपर्यंत कणा उतरलेला असेल, तर नळी कण्याला न लावता त्याच्या लगत तळाला लावावी. प्रवासी भरून, लाटांच्या पाण्यात चालणाऱ्या आपल्यासारख्या होडीला प्लेट तळापेक्षा अर्धा ते एक इंच खाली असणे मला योग्य वाटते. त्याहून फार खाली नेली तर इंजिनाचा लेग (पाण्यात उतरणारा खालचा भाग) विनाकारण जास्त पाणी कापतो, मागे तुषार उडतात, होडी वळवण्याचा दांडा जड लागतो आणि पेट्रोलही जास्त जाते.

आता नाळेविषयी. हाताने उचलायच्या इंजिनाच्या क्लॅम्प ब्रॅकेटमध्ये खाली चार-पाच भोके असतात आणि त्यांतून एक आडवी पिन गेलेली असते. लेग फळीच्या किती जवळ टेकेल हे ती पिन ठरवते. पिन बाहेरच्या भोकांत असेल तर पंखा मागे आणि किंचित वर तोंड करून ढकलतो, त्यामुळे होडीची मागची बाजू बसते आणि नाळ उठते. ती एक भोक आत घ्यावी, होडी नेहमीइतकी भरून चालवून पाहावी, आणि गरज लागली तरच पुढचे भोक घ्यावे. दोन्ही कामे एकाच दिवशी केली तर कशाने काय सुधारले हे कळणार नाही; आधी उंची, मग कोन, असा क्रम ठेवावा. पूर्ण वेगात असताना प्लेट पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असेल तेव्हा कोन बरोबर आहे असे समजावे.

पिन अगदी आतल्या भोकात घालूनही नाळ उठत असेल तर फळीचा कल तपासावा. बहुतेक इंजिने १२ ते १५ अंश मागे कललेल्या फळीसाठी बनवलेली असतात आणि आपल्याकडे साच्यातून काढलेल्या कित्येक होड्यांची फळी जवळजवळ उभी असते. अशा फळीवर लेग पुरेसा आत येतच नाही. त्यावर उपाय म्हणजे क्लॅम्प आणि फळी यांच्यामध्ये पाचर, तिची जाड बाजू वर. पाचर कठीण प्लास्टिकची किंवा फायबर चढवलेल्या सागाची असावी आणि ती फळीला बोल्टने घट्ट बसवलेली असावी. नुसत्या क्लॅम्पच्या दाबावर ठेवलेली पाचर हादऱ्यांनी सरकते आणि मग इंजिनच सैल होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. नाळ खाली आणणे चांगले म्हणून पिन कायमची आतल्या टोकाला ठेवू नका. कर्लीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असते आणि समोरून समुद्राची लाट येते तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथून आत येताना लाट मागून असते. त्या वेळी नाळ फार खाली असेल तर ती पुढच्या लाटेच्या पायथ्यात रुतते, मागून लाट ढकलते आणि होडी आडवी फिरते. ज्यांच्या होडीत माणसे बसलेली असतात त्यांनी हा धोका कधीही नजरेआड करू नये. पेट्रोलची टाकी आणि जाळे मागच्या बाजूला रचलेले असेल तर ते मध्याकडे घेऊन पाहावे; छोट्या होडीत ४० किलो वजन तीन फूट पुढे सरकवले तरी फरक डोळ्यांना दिसतो.

फिनविषयी माझे मत असे की ती शेवटची पायरी आहे. ती मागची बाजू उचलते आणि होडी कमी वेगात पाण्यावर तरंगून धावू लागते, हे खरे आहे. परंतु बहुतेक फिन बसवण्यासाठी प्लेटला चार भोके पाडावी लागतात, तिथे रंग जाऊन उघडे अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्याला लागते, आणि इंजिन वॉरंटीत असेल तर ती वादात सापडते. घ्यायचीच झाली तर भोके न पाडता प्लेटवर आवळून बसणारी घ्यावी. ट्रिम टॅब मात्र १८ फुटी उघड्या होडीला, त्यातही दांड्याने चालणाऱ्या इंजिनासोबत, मी सुचवणार नाही.

प्रश्न : उजनीच्या जलाशयात पक्षी दाखवण्यासाठी १४ फुटी पत्र्याची होडी चालवतो. इंजिन ५ एचपीचे, नुसत्या दोन क्लॅम्प स्क्रूंवर बसते आणि रोज घरी न्यावे लागते. बोल्ट मारणे गरजेचे आहे का? उन्हाळ्यात पाणी उतरले की लेग खाली आपटतो, त्यासाठी काही वेगळे ब्रॅकेट मिळते का? (भिगवण, ता. इंदापूर)

उत्तर : ५ एचपीच्या इंजिनाला बोल्टची गरज नाही. एवढी लहान इंजिने क्लॅम्पवरच चालवण्यासाठी केलेली असतात. मात्र क्लॅम्प कशाला पकडतो हे महत्त्वाचे आहे. पातळ पत्र्यावर थेट आवळलेला स्क्रू पत्रा चेपवतो आणि चेपलेल्या जागी पकड राहत नाही. म्हणून फळीच्या आतून आणि बाहेरून जाड प्लास्टिकचे किंवा मरीन प्लायवूडचे पॅड बसवावेत. दोन्ही स्क्रू हाताने आळीपाळीने आवळावेत, निघाल्यावर अर्ध्या तासाने एकदा पुन्हा आवळावेत, आणि इंजिनापासून होडीतल्या पक्क्या कडीपर्यंत स्टीलची साखळी किंवा जाड दोरी नेहमी बांधलेली असावी. क्लॅम्प सुटून पाण्यात गेलेले इंजिन उजनीच्या गढूळ तळातून सापडणे कठीण असते.

आपटण्याच्या तक्रारीला नवे ब्रॅकेट हे उत्तर नाही. उजनीचे पाणी उतरू लागले की जुन्या गावठाणांचे दगड, बांध, विहिरींची कठडी वर येऊ लागतात. पळसदेवचे मंदिर उघडे पडते हे तर आपण रोज पाहत असाल. जे दिसते त्याहून जे पाण्याखाली फूटभर दडलेले असते ते जास्त घातक. अशा ठिकाणी लेग दगडाला लागला की तो आपोआप वर उचलला गेला पाहिजे, आणि ही सोय आपल्या इंजिनात असणारच. पुढच्या गिअरमध्ये टिल्ट लॉक (लेग खाली अडकवून ठेवणारा खटका) सुटलेला असतो, रिव्हर्समध्ये तो अडकतो, कारण नाही तर मागे जाताना पंखा स्वतःच्याच जोराने लेग वर उचलेल. अनेक होड्यांवर हा लॉक गंजून किंवा वाळू जाऊन कायमचा अडकलेला मला दिसतो, आणि कोणी कोणी तो तारेने बांधूनही टाकतात. तसे असेल तर धक्का लेगला न जाता थेट फळीला आणि गिअरच्या पेटीला जातो. लॉक साफ करून, ग्रीस लावून, हाताने उचलून पाहावा.

उथळ पाण्यासाठी बहुतेक इंजिनांत अर्धवट उचलून ठेवण्याचा एक टप्पा असतो. तो वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात : वेग अगदी कमी असावा, आणि लेगवरची थंड पाणी खेचणारी जाळी पाण्याखालीच राहावी. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की लगेच इंजिन बंद करावे.

आपण गोड्या पाण्यात आहात म्हणून आणखी एक सूचना. लेगवरचे गंजरोधक तुकडे म्हणजे अॅनोड जर झिंकचे असतील तर गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर बसतो आणि ते काम करेनासे होतात. मॅग्नेशियमचे किंवा अॅल्युमिनियमचे घ्यावेत. त्यांच्यावर रंग मारू नये.

प्रश्न : ३० एचपीच्या इंजिनाचा दांडा सतत उजवीकडे ओढला जातो. दिवसभर चालवले की खांदा भरून येतो. (दाभोळ)

उत्तर : पंखा एकाच दिशेने फिरतो त्याची ही प्रतिक्रिया आहे, आणि ती भरून काढण्यासाठीचा भाग बहुधा आपल्या इंजिनावर आधीच असेल. प्लेटच्या खालच्या बाजूला, पंख्याच्या वर, माशाच्या परासारखा एक छोटा तुकडा पाहा. एकच बोल्ट सैल करून तो फिरवता येतो. होडी ज्या बाजूला ओढत असेल त्याच बाजूला त्याचे मागचे टोक थोडेसे वळवावे (दांडा उजवीकडे गेला की होडी डावीकडे वळते, म्हणून आपल्याला डावीकडे), बोल्ट घट्ट करावा आणि चालवून पाहावे. एका वेळी अगदी थोडे फिरवावे. हा तुकडा बहुतेक इंजिनांत अॅनोडचेही काम करतो, त्यामुळे तो झिजून अर्धा उरला असेल तर बदलावा, आणि बदलताना जुन्याची दिशा पेनाने खूण करून ठेवावी. इंजिन फार उंच बसवलेले असेल किंवा कोन फार बाहेर असेल तर हा उपाय कमी लागू पडतो.

प्रश्न : माझी २२ फुटी जुनी बोट आहे, ६० एचपीचे फोर-स्ट्रोक इंजिन, पॉवर ट्रिम (बटणाने इंजिनाचा कोन बदलण्याची सोय) असलेले. वेग वाढावा म्हणून जॅक प्लेट (फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी, इंजिन मागे धरणारी चौकट) बसवून इंजिन दहा इंच मागे घ्यावे असा विचार आहे. माणसे एका बाजूला बसली की बोट तिकडे कलते, त्यासाठी ट्रिम टॅबही घ्यायचे आहेत. इंजिनाच्या खालच्या बोल्टभोवती तपकिरी ओघळ दिसतात, गंज असावा. (रेवदंडा, ता. अलिबाग)

उत्तर : आपण शेवटी लिहिलेल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मला आपल्या पत्रातली तीच गोष्ट काळजीची वाटते. बोल्ट स्टेनलेसचे असतील तर एवढा गंज सहसा येत नाही. फायबरच्या फळीत आत प्लायवूड असते, बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरून ते कुजते, आणि त्याचे पाणी असेच तपकिरी होऊन बाहेर झिरपते. फळी वरून गुळगुळीत आणि धडधाकट दिसते, पण आतला गाभा भुसा झालेला असू शकतो.

तपासणी आपण स्वतः करू शकता. लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने फळीवर सगळीकडे हलके ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. मग इंजिन पूर्ण वर उचलून, लेग धरून वरखाली हलवावे आणि दुसऱ्या कोणाला फळीच्या वरच्या कडेकडे बघायला सांगावे. फळी वाकताना दिसली, किंवा कोपऱ्यांत बारीक भेगा असल्या, तर प्रश्न इंजिनाच्या सामानाचा राहत नाही. खात्रीसाठी खालचा एक बोल्ट काढून त्या भोकातला भुगा पाहावा. कोरडा आणि फिका असेल तर ठीक, ओला आणि काळपट असेल तर गाभा बदलणे हाच उपाय आहे. भोकात वरून सीलंट भरून हे झाकता येते आणि पुष्कळदा झाकलेही जाते, पण किनाऱ्यापासून दूर, माणसे बसलेली असताना फळी सुटली तर काय होईल याचा विचार करून मी आपल्याला तसे करू नका असे कळकळीने सांगतो.

याच कारणासाठी जॅक प्लेट आज बाजूला ठेवावी. ६० एचपीचे फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे ११० किलोचे असते. ते दहा इंच मागे नेले तर केवळ वजनामुळे फळीवर सुमारे २८ किलोग्रॅम-मीटरचा जास्तीचा पीळ येतो, तोही बोट शांत उभी असताना. लाटेवर बोट आपटते तेव्हा तो कितीतरी पट होतो. मागे गेलेल्या वजनाने मागची बाजू आणखी बसते आणि बोट धावेवर यायला जास्त वेळ लागतो. जॅक प्लेटचा फायदा नाही असे नव्हे. मागे नेलेल्या इंजिनाला स्वच्छ पाणी मिळते, ते उंच बसवता येते, आणि हायड्रॉलिक प्लेट असेल तर उथळ खाडीत इंजिन सरळ वर घेता येते. परंतु हे सगळे मजबूत फळीच्या, हलक्या आणि वेगवान बोटीला शोभते. आपल्याला वेग हवा असेल तर आधी इंजिनाची उंची बोल्टच्या एका भोकाने वर घेऊन पाहावी. ब्रॅकेटला त्यासाठीच एकाखाली एक भोके असतात आणि एका टप्प्याने साधारण पाऊण इंचाचा फरक पडतो. त्यानंतर पूर्ण थ्रॉटलला फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत येतात का ते पाहावे. फेरे कमी पडत असतील तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा) पंखा लावल्याने ते साधारण १५० ते २०० ने वाढतात, आणि तो खर्च जॅक प्लेटपेक्षा पुष्कळ कमी आहे.

फळी नवी केल्यावर बोल्ट कसे बसवले जातात ते उभे राहून पाहावे. या आकाराच्या इंजिनांच्या भोकांची रचना आता बहुतेक कंपन्यांत सारखी आहे : वरच्या दोन भोकांत ३२७ मिलिमीटरचे अंतर आणि अर्ध्या इंचाचे बोल्ट. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे असावेत, आतल्या बाजूला मोठे वॉशर किंवा सलग अॅल्युमिनियमची पट्टी असावी आणि नट नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले, हादऱ्यांनी न सुटणारे) असावेत. भोक आधी मोठे पाडून, त्यात इपॉक्सी भरून, ती वाळल्यावर तिच्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडले तर पुढे सीलंट हरले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. हे काम दोन दिवसांचे होते म्हणून कारागीर टाळतात. आपण आग्रह धरावा. सीलंट पॉलियुरेथेनचे किंवा पॉलिसल्फाइडचे घ्यावे. स्नानगृहात वापरतात ते सिलिकोन येथे चालत नाही.

ट्रिम टॅबची आपली गरज मात्र खरी आहे. पॉवर ट्रिमने नाळ वर किंवा खाली करता येते, पण बोट एका बाजूला कलली तर तो काही करू शकत नाही, कारण इंजिन एकच आणि तेही मध्यावर. टॅब दोन असतात आणि स्वतंत्र हलतात. उजवीकडे माणसे जास्त असली तर उजवा टॅब खाली घेतला की ती बाजू उचलली जाते. मापाचा रूढ हिशेब असा की बोटीच्या दर फुटाला प्रत्येक टॅबची रुंदी एक इंच, म्हणजे आपल्याला २२ इंचांच्या आसपास. बसवताना तळ आणि कूस जिथे मिळतात त्या कडेपासून तीन-चार इंच आत आणि तळाच्या कडेपासून पाव इंच वर बसवावेत, आणि पंख्यापासून पुरेसे दूर ठेवावेत. विजेवर चालणारे टॅब २२ फुटी बोटीला पुरेसे आहेत. हायड्रॉलिकमध्ये पंप आणि तेलाच्या नळ्या सांभाळाव्या लागतात. बोट उभी करताना दोन्ही टॅब पूर्ण वर घ्यावेत, नाही तर दांड्यांवर शिंपले धरतात आणि पुढच्या वेळी ते सील फाडतात. रिव्हर्स घेण्यापूर्वी आणि लाट मागून असताना टॅब वरच असावेत.

प्रश्न : नवीन ४० एचपी घेताना पॉवर ट्रिमवर जास्तीचे पैसे घालावेत का? की साधे घेऊन पुढे बाहेरचे ट्रिम युनिट जोडावे? (हर्णै)

उत्तर : घेतानाच पॉवर ट्रिम असलेले घ्यावे. बाहेरून जोडायचे युनिट मिळते, पण ते फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसते, त्यामुळे इंजिन काही इंच मागे जाते, वजन वाढते आणि उंची पुन्हा जुळवावी लागते. ४० एचपीचे इंजिन वाळूवर लागल्यावर हाताने उचलणे एकट्या माणसाला जड जाते, हेही लक्षात घ्यावे. खरेदी करताना बॅटरी उतरली असता ट्रिम हाताने सोडण्याचा स्क्रू ब्रॅकेटवर कुठे आहे ते विक्रेत्याकडून दाखवून घ्यावे आणि तो एकदा स्वतः फिरवून पाहावा. पुढे कधी ट्रिमचे तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून, तेल नुसते न बदलता सीलही बदलून घ्यावेत.